मोठ्या मायचं स्पूल

कानबाई घरी बसली तर मुरलीनानांच्या पदरात काय पडणार, याचा हिशेब मी त्यांच्याच ओट्यावर बसून, त्यांचीच शेव खात मांडला होता. भाऊबंदकीतली झाडून सगळी माणसं दोन दिवस मुक्कामाला येणार. त्यांचे रोट, त्यांचं पुरण, त्यांची खीर. त्यांची पोरं गाद्यांचं काय करतील त्याचा नेम नाही. जाताना निम्मे लोक कटाच्या आमटीला नावं ठेवणार, आणि उरलेले निम्मे ती नावं पुढच्या वर्षासाठी राखून ठेवणार. हे सगळं नावे. जमेला एकच गोष्ट: खानदेशभर पसरलेल्या कोठावद्यांनी वर्षातून एकदा नानांच्या उंबऱ्यावर चपला काढायच्या.

मी आयुष्यभर व्यापाऱ्यांची विक्रीकराची कामं केली. नफ्यासाठी भांडणारे भाऊ मला रोज भेटायचे. तोट्यासाठी भांडणारे हे दोघेच पाहिले, आणि दोघेही माझे मेहुणे निघाले.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ घालून, शालू नेसवून देवी मांडतात, आणि सोमवारी सकाळी घरातली बाई तिला डोक्यावर घेऊन नदीवर पोचवायला निघते. देवी उठवताना एक गाणं म्हणतात. प्रत्येक घराण्याची चाल वेगळी. कोठावद्यांची चाल होती मोठ्या मायची, म्हणजे माझ्या मेहुण्यांच्या आजीची.

माझ्या सासूबाई होत्या तोवर प्रश्न नव्हता. त्या थोरल्या मुलाकडे, मुरलीनानांकडे अमळनेरला राहायच्या, म्हणून देवी तिथे बसायची. सासूबाईंना गळा नव्हता, त्यामुळे गाणं ज्याला जसं येईल तसं सगळे मिळून म्हणत आणि देवी बिचारी उठत असे. त्या माघात गेल्या. वर्षश्राद्धही झालं नव्हतं तेवढ्यात धाकटे पद्माकर, म्हणजे बापू, धुळ्याहून निरोप पाठवून मोकळे झाले की देवी काही थोरलेपणाच्या दाखल्यावर बसत नाही. भाऊबंदांची बैठक झाली. बैठकीत शहाणी माणसं होती, म्हणून कुणीच निकाल दिला नाही. ठरलं ते असं: ज्या घरची सून मोठ्या मायच्या चालीवर गाणं म्हणेल, त्या घरी देवी.

आता पंचाईत अशी, की दोघी सुना घरात आल्या तेव्हा मोठी माय पुरती बोळकी झाली होती. गाणं म्हणायची म्हणजे पुटपुटायची. त्या पुटपुटण्यावर दोघींनी आपापली चाल उभी केली. नानांच्या कलावहिनींची चाल म्हणजे पाहुण्यांच्या चहाचं आधण ठेवून आलेल्या बाईची चाल. आधण उकळायच्या आत देवी अंगणात. बापूंच्या हेमावहिनी गाण्याच्या परीक्षा दिलेल्या. त्या एकेका शब्दाला जवळ बसवून, त्याची विचारपूस करून मग सोडायच्या. त्यांचं गाणं संपेपर्यंत देवी डोक्यावर घेतलेल्या बाईची मान अवघडायची.

पुरावा एकच होता. माझे सासरे अण्णा हौशी माणूस. त्यांनी एका वर्षी जिनिंगवाल्या शेठजींचा स्पूलचा टेपरेकॉर्डर मागून आणला होता आणि कानबाईच्या सोमवारी मोठ्या मायचं गाणं भरून घेतलं होतं. तेव्हा तिचे दात शाबूत होते. मशीन परत गेलं, शेठजीही गेले. स्पूल मात्र नानांच्या कपाटात, बिस्किटांच्या डब्यात, डांबराच्या गोळ्यांसोबत राहिलं. ते वाजवायला मशीन मिळालं की निकाल लागणार.

"दाजी, मशीन तुम्हीच शोधा," शेवेची बशी पुढे सरकवत नाना म्हणाले. "तुम्ही तटस्थ. फक्त बापूला कळू देऊ नका."

धुळ्याला परतलो तर त्याच संध्याकाळी बापू घरी हजर. त्यांचं म्हणणं, स्पूल नानांकडे आहे, तेव्हा मशीन तरी आपल्या बाजूला हवं. शोधा, पण अमळनेरला कळू देऊ नका. मी दोघांनाही हो म्हटलं. जावयाला मान असतो, मत नसतं. ज्याला मत नाही त्याने दोन्हीकडे हो म्हटलं तर त्याला कुणी खोटं म्हणत नाही. पुढचे दोन महिने अमळनेरला गेलो की भरीत आणि कळण्याची भाकरी, धुळ्यात बापूंकडे गेलो की श्रीखंड. माझी बायको म्हणायची, मशीन सापडलं नाही तरी चालेल, तुमची तब्येत सुधारतेय.

मशीन सहज सापडेल असं मला वाटलं होतं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांकडे गेलो. ते म्हणाले, भंगारात गेलं. मंडपवाल्याकडे एक होतं, त्यावर तो पाय ठेवून पंखे बांधायचा. जळगावच्या एका हॉटेलात काचेच्या कपाटात एक झकास मशीन दिसलं. मालकाने कौतुकाने झाकण उघडून दाखवलं. आतलं सगळं काढून तिथे प्लास्टिकची फुलं लावली होती.

शेवटी धुळ्यातच, बापूंच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, प्राचार्य भामरे सापडले. निवृत्त माणूस. मशीन भरतकाम केलेल्या झाकणाखाली देव्हाऱ्यासारखं ठेवलेलं. त्यांच्या अटी तीन. मशीन घराबाहेर जाणार नाही. त्याच्या बटणांना दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. आणि कुणाचंही स्पूल लावण्याआधी त्यांचं स्पूल ऐकावं लागेल. त्यात तरुणपणी वक्तृत्व स्पर्धेत त्यांनी केलेलं भाषण होतं, ज्याला ढाल मिळाली होती. घरातली माणसं ते ऐकायला आता खोलीत थांबत नाहीत, हे त्यांनी सांगितलं नाही, पण मला दिसलं. मी कोठावदे घराण्याच्या वतीने भाषण मंजूर केलं.

रविवारी दुपारी दोघे भाऊ आपापल्या बायकांसह भामऱ्यांच्या दारात समोरासमोर आले. आपल्या एकट्यालाच बोलावलंय अशी दोघांची समजूत. दोघांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, स्पूल जुनं आहे, दोनदा लावलं तर तुटायचं. जे काय ऐकायचं ते एकदाच ऐका. लग्नाच्या सीडी करणारा बन्सी लॅपटॉप घेऊन आला होता. त्याने मशीनमधून आपल्या यंत्रात एक वायर नेऊन ठेवली, म्हणजे जे वाजेल ते कायमचं उतरून घेता येईल.

भामऱ्यांचं भाषण झालं. आवाज खोल, गंभीर, एकेक शब्द दगडासारखा ठेवलेला. भामरे डोळे मिटून ओठ हलवत होते. बापूंची मान दोनदा खाली गेली आणि हेमावहिनींनी दोनदा वर आणली. संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या, कारण तो मशीनच्या भाड्याचा भाग होता.

मग मोठी माय लागली.

आधी नुसती खरखर, भांड्याचा आवाज, आणि मग गाणं. जड, संथ, विहिरीतून वर येणाऱ्या बादलीसारखं. एकेक शब्द थांबत, वळत, पुढे सरकत. दुसऱ्या ओळीलाच हेमावहिनींचा हात मांडीवर ठेका धरायला लागला. कलावहिनी उतू गेलेल्या दुधाकडे पाहावं तशा मशीनकडे पाहत होत्या. नानांनी उपरण्याने चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला, मग तो खिशात टाकला. बापूंची झोप केव्हाच उडाली होती. गाणं संपलं तेव्हा ते खुर्चीत असे रेलून बसले होते, की पाहुणे आत्ताच त्यांच्या दारात चपला काढतायत असं वाटावं.

बन्सी वायर काढायला वाकला. भामरे त्याच्यावर डोळे वटारून म्हणाले, स्पूल अर्ध्यात थांबवायचं नसतं. म्हणून ते चालू राहिलं. आणि पुरुषाचा आवाज आला.

"हाई… बंद… कसं… करतस… रे भो?"

आवाज अण्णांचा होता. हे मशीन बंद कसं करतात, असं ते कुणाला तरी विचारत होते. पण शब्द जिभेवर लोळत होते, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून येत होते. मग एक लांबलचक हसू. मग पुन्हा तोच सैल आवाज:

"माय… तू ना… देवीपेक्षा… भारी… दिसी ऱ्हायनी…"

आणि खट्कन सगळं बंद.

आमच्या अण्णांची ओळख करून द्यायला हवी. गळ्यात तुळशीची माळ. व्यसनमुक्तीच्या फेऱ्या काढणारे. समाजाच्या मंगल कार्यालयात त्यांची तसबीर आहे आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत 'निर्व्यसनी' लिहिलंय. आईला 'तू छान दिसतेस' म्हणण्याइतका हा माणूस शुद्धीत कधी मोकळा झाला असेल, हे आमच्यापैकी कुणालाच खरं वाटलं नसतं. आणि तेही कानबाईच्या दिवशी, देवीसमोर.

नाना आधी सावरले. म्हणाले, मशीन हळू चालतंय. पट्टा सैल असणार. म्हणून अण्णांचा आवाज असा लोळतोय.

भामरे उभे राहिले. आपलं मशीन आणि हळू? ढाल मिळवलेलं भाषण आत्ता ऐकलंत ना, त्यात काही कमी वाटलं? ते इतके दुखावले होते की मला त्यांची दया आली. मशीन हळू ठरलं तर त्यांच्या आवाजातला तो खोल गंभीरपणा पट्ट्याचा ठरणार होता, आणि खाली राहणार होता एक चिरका, घाईत बोलणारा पोरगा.

माझ्या तोंडून एकच वाक्य गेलं. तो माझ्या धंद्याचा दोष आहे. दोन बाजू जुळत नसल्या की बोलल्याशिवाय राहवत नाही.

"म्हणजे मशीन हळू असेल तर गाणंही हळू लागलंय, नाना. आणि मशीन बरोबर असेल तर दोन्ही बरोबर."

मग दोघा भावांच्या चेहऱ्यांची अदलाबदल झाली. मशीन खोटं तर अण्णा शुद्धीत, चाल कलावहिनींची, देवी अमळनेरला. मशीन खरं तर चाल हेमावहिनींची, देवी धुळ्याला, आणि अण्णा प्यायलेले. मघाशी हरलेले नाना वडिलांच्या बाजूने ताठ बसले. मघाशी जिंकलेल्या बापूंना आता जन्मदात्याला दारू पाजणं भाग होतं.

त्यांनी प्रयत्न केला. म्हणाले, आदल्या दिवसाचा उपास असेल, थकवा आला असेल. नाना म्हणाले, उपासाने माणूस हसत नाही. बापू म्हणाले, तोंडात तंबाखू असेल. नाना म्हणाले, माळकऱ्याच्या? बापू म्हणाले, बरं, विडा असेल. मग भांग म्हणाले, कुणी तरी प्रसाद म्हणून दिली असेल, अण्णा भोळे होते. प्रत्येक वाक्याबरोबर देवी एक पाऊल जवळ येत होती आणि अण्णा एक पायरी खाली जात होते, आणि बापूंच्या तोंडावरून दिसत होतं की हा जिना त्यांना उतरवत नाहीये.

"अण्णा कधी प्यायले नाहीत," हेमावहिनी म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"शेवटची दोन वर्षं ते इलाजासाठी आमच्याकडेच होते. त्यांचं सगळं मी केलंय. मला माहीत नसेल तर कुणाला असणार? मशीनच हळू आहे."

"आणि गाणं?" कलावहिनींनी अगदी हळू विचारलं.

"गाणं तुमचंच बरोबर, अक्का."

बापू बायकोकडे असे पाहत राहिले, जसं भरल्या बाजारात खिसा कापला जावा आणि कापणारा हात आपलाच निघावा. पण त्यांनी श्वास सोडला, तो सुटकेचा होता. मी नीट पाहिलं. भामऱ्यांनी स्पूल काढून नानांच्या हातात दिलं आणि मशीनवर झाकण घातलं. आतून चहाच्या कपांचा आवाज येत होता, तो थांबला. चहा बाहेर आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी नाना बन्सीच्या दुकानात ठाण मांडून बसले. मला साक्षीदार म्हणून नेलं होतं. म्हणाले, मशीनने जे बिघडवलं ते तुझ्या संगणकावर दुरुस्त कर. बन्सी वेग वाढवत गेला आणि नाना अण्णांचं तेवढंच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत राहिले. अजून थोडं. अजून जिभेवर जडपणा आहे. अजून. अण्णा पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत वेग वाढला, आणि तोवर मोठी माय सोळा वर्षांची झाली होती. गाणं तिने चहाच्या आधणाच्या बेताने संपवलं. "आवाज काय गोड होता मोठ्या मायचा," नाना म्हणाले. अण्णांची वाक्यं मग कापूनच टाकली, आणि उरलेल्या गाण्याच्या सीडी भाऊबंदांत वाटल्या.

आठवड्याने भामऱ्यांचा फोन आला. ताबडतोब या. गेलो. त्यांनी मला 'बसा'ही म्हटलं नाही. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि एक स्पूल लावलं. मशीन नवं असताना रेडिओवरच्या बातम्या भरल्या होत्या. बातम्यांआधी वेळ सांगणारे टोले वाजले, एकेका सेकंदाला एक. घड्याळाचा काटा प्रत्येक टोल्याबरोबर जागच्या जागी पडत होता. त्यांनी मला ते तीनदा ऐकवलं.

"हळू आहे?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. त्यांनी घड्याळ परत घेतलं आणि दाराकडे पाहिलं.

तिथून मी सरळ बापूंच्या घरी गेलो. बापू भाजी आणायला गेले होते. हेमावहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. एखादं थकलेलं येणं वसूल करून आणावं तशा थाटात मी सांगितलं की मशीन बिनचूक आहे, मोठी माय तशीच म्हणायची, चाल तुमचीच खरी. म्हणजे देवीही तुमची.

"ते मला तिथेच कळलं होतं, दाजी," त्या म्हणाल्या आणि एक खडा बाजूला टाकला.

त्यांनीच मग सांगितलं. अण्णा पीत असत. आजारपणातही सुटली नव्हती. सासूबाई अमळनेरहून भेटायला येणार असल्या, की हेमावहिनी त्यांची दारू खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरून ठेवत. बापूंना पत्ता नव्हता. अण्णांनी सुनेला शपथ घातली होती आणि कारणही सांगितलं होतं: माय गेली, त्या दुःखात लागली.

"आणि टेपवर तर माय गातेय," हेमावहिनी म्हणाल्या. "म्हणजे माझ्याशीही खोटंच बोलले."

त्या हसल्या. मीही हसलो. मग मी विचारलं, की हे सगळं ठाऊक असताना हातात आलेली देवी का सोडली. इतके महिने त्या चालीसाठी भांडलात.

"यांचं तोंड पाहिलंत तुम्ही? देवीसाठी बापाला दारुडा ठरवायला बसले होते. एकदा ठरवलं असतं तर पुढे दर श्रावणात घरी देवी आली असती, आणि तिच्यामागून ते ठरवणंही. मला नको होतं तसं."

"मग बापूंना सांगू नको?"

"तुम्ही जावई माणूस," त्या म्हणाल्या. "जेवून जा."

मी जेवून आलो. श्रीखंड नव्हतं.

त्याला बरीच वर्षं झाली. कानबाई अमळनेरला बसते. नानांचं धान्य दर वर्षी जातं आणि कलावहिनींचे गुडघे दर वर्षी थोडे जातात. धुळ्याच्या लोकांना बरं, नुसतं जेवायला यायचं, असं त्या मला स्वयंपाकघरातून ऐकवतात. बापूंना गाणं हरलेल्या बाजूचा पाट मिळाला, पंगतीत शेवटून दुसरा. भामरे रस्त्यात दिसले तर फुटपाथ बदलतात. घरातल्या नव्या सुना सीडीवरून मोठ्या मायची चाल शिकल्या आहेत आणि देवी हल्ली पळतच नदीवर जाते. हेमावहिनी मागे उभ्या राहून त्या वेगाने टाळ्या वाजवतात, एकही टाळी चुकत नाही. सगळ्यांनी भरलं. सगळ्यांत जास्त त्यांनी भरलं, तेही दुसऱ्याच्या खात्यावर. आणि जो प्यायला, त्याला दारूचा एक घोटही महाग पडला नाही.